एका जबड्याची साक्ष



१९३२ साली येल विद्यापीठाचे तरुण संशोधक जी. एडवर्ड लुईस यांना आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगरजवळ, शिवालिक टेकड्यांच्या थरांत, वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. दोन वर्षांनी त्यांनी त्याला ‘रामापिथेकस’ हे नाव दिलं. आखूड तोंड आणि छोटा सुळा यांवरून हा प्राणी माणसाच्या वाटेवरचा असावा, असं त्यांना वाटलं. १९६१ मध्ये एल्विन सायमन्स यांनी हा दावा नव्याने मांडला आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड पिलबीम यांनी तो पुढे नेला. हाती जबड्याची एकच बाजू होती. दुसरी अंदाजाने जोडताना दातांची ओळ माणसासारखी कमानदार झाली, आणि माणसाची शाखा सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली, असं पाठ्यपुस्तकांत छापलं जाऊ लागलं. या जबड्याची गोष्ट आज सांगतो आहे ती पिलबीम यांच्यासाठी. संशोधकाची पत त्याला काय सापडलं यावर ठरते, असं आपण समजतो. माझ्या मते ती ठरते स्वतःच्या मताविरुद्धचा पुरावा त्याने कुठवर शोधला यावर.

विरुद्धचा पहिला पुरावा रक्तातून आला. १९६७ मध्ये बर्कलीच्या व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली आणि माणूस व चिंपांझी वेगळे होऊन जेमतेम पन्नास लाख वर्षं झाली, असा हिशेब मांडला. हाडांच्या अभ्यासकांनी तो मानला नाही. प्रथिनं एकाच वेगाने बदलतात हे कशावरून, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण १९७३ मध्ये ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी केनियातल्या फोर्ट टर्नानचे, रामापिथेकसच्याच गटात धरलेले जबडे पुन्हा जुळवले, तेव्हा ती कमान नाहीशी झाली. त्याच सुमारास पिलबीम यांनी पाकिस्तानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागासोबत पोटवार पठारावर काम सुरू केलं. तिथे शिवापिथेकस या जीवाश्म वानराच्या चेहऱ्याचा मोठा भाग हाती आला. डोळ्यांच्या उभट खोबणी, त्यांच्यामधली अरुंद जागा, नाकाचा गुळगुळीत तळ, सगळं ओरांगउटानच्या वळणाचं. रामापिथेकस हा याच शिवापिथेकसचा लहान चणीचा नमुना ठरला, बहुधा मादी. म्हणजे माणसाचा पूर्वज म्हणून मिरवलेला तो जबडा आशियातल्या वानरांच्या घरचा निघाला. १९८२ मध्ये हा चेहरा जगापुढे ठेवणारे स्वतः पिलबीमच होते.

यावर कोणी म्हणेल, तज्ज्ञच वीस वर्षं चुकत असतील तर त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? चूक कुठे होती ते पाहा. ती होती जबड्याच्या न सापडलेल्या अर्ध्या भागात, आणि ती दुरुस्त झाली आणखी हाडं खणून. मग रक्तच पुरेसं होतं, हाडं कशाला, असंही विचारलं जातं. सारिच तर एका मर्यादेपेक्षा जुना जीवाश्म, तो दिसायला कसाही असो, माणसाच्या शाखेचा असूच शकत नाही, असं म्हणण्यापर्यंत गेले. हे मला पटत नाही. त्यांच्या रेणूंच्या घड्याळाचा काटा लावला होता तोच मुळी जीवाश्मांवरून: माकडं आणि वानर तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, असं धरून. शिवाय शिवालिकच्या जुन्या मातीतल्या कार्बनवरून कळतं की सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी तिथलं रान मागे हटलं आणि गवताळ प्रदेश पसरले. शिवापिथेकसचा माग त्याआधीच, सुमारे पंचाऐंशी लाख वर्षांपूर्वी, संपतो. एक प्राणी कोणत्या झाडीत जगला आणि ती झाडी विरळ होताना त्याचं काय झालं, हे अल्ब्युमिन सांगू शकत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र वेगळा आहे. मत बदलणं हा गुण मानला, तर वारा येईल तशी पाठ फिरवणाऱ्यालाही गुणी म्हणावं लागेल. फरक कळतो तो नवं मत स्थिरावल्यानंतर. शिवापिथेकस ओरांगउटानचा जवळचा नातलग, हे मत आता सर्वमान्य होत होतं आणि त्याचं श्रेय पिलबीम यांच्या पदरात होतं. तरीही १९९० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शिवापिथेकसच्या दंडाची हाडं प्रसिद्ध केली. ती ओरांगउटानसारखी नव्हती. फांद्यांना लोंबकळणाऱ्यापेक्षा चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याशी जुळणारी होती. चेहरा एक सांगतो, दंड दुसरं. त्यांनी दोन्ही साक्षी शेजारी शेजारी ठेवल्या आणि हे नातं वाटलं तितकं सरळ नाही, हे छापून कबूल केलं. तो पेच अजून पुरता सुटलेला नाही.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेक जण आता प्रयोगशाळांत, न्यायालयांत, दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत निष्कर्ष लिहाल आणि त्याखाली सही कराल. माझी एकच विनंती आहे: त्या सहीच्या वर, कोणता पुरावा आला तर हे मी मागे घेईन, एवढं एक वाक्य लिहीत जा.