कृतज्ञता आणि परतफेड

उपकार फेडला कीं कृतज्ञता संपली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु हा हिशेब सावकाराच्या चोपडींतला झाला. 'कृतज्ञ' या शब्दांत परतफेडीचा मागमूसही नाहीं. 'कृत' म्हणजे केलेलें आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. दुसऱ्यानें केलेलें जो जाणतो तो कृतज्ञ.

मग ज्याची कधीं भेटच झाली नाहीं, त्याचें ऋण कसें जाणावें? महात्मा जोतीराव फुले १८९० च्या नोव्हेंबरांत निवर्तले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १८९१ च्या एप्रिलांत जन्मले. एकानें दुसऱ्याचें तोंडही पाहिलें नाहीं. तरीही १९४६ सालीं प्रसिद्ध झालेला शूद्रांविषयींचा आपला इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांनीं जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या त्या पुरुषास हें अर्पण वाचावयास मिळणार नव्हतें, आणि त्याच्याकडून आतां कांहीं मिळावयाचेंही उरलें नव्हतें. येथें कृतज्ञता देण्याघेण्याच्या व्यवहारापासून अगदीं सुटी झालेली दिसते.

त्याच १९४६ सालीं बाबासाहेबांनीं स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईंत सुरू झालें. जोतीरावांचें ऋण जोतीरावांस परत करणें शक्य नव्हतें. पुढच्या पिढीच्या हातीं विद्या ठेवणें मात्र शक्य होतें. अशा ऋणास याहून निराळी फेड नाहीं.

जो मागच्यांचें जाणत नाहीं, तो पायांखालचा रस्ता आपणच बांधला असें समजतो. आणि मग तो पुढें बांधीत नेण्याची निकडही त्यास भासत नाहीं.