कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात?

(अर्धापूर येथे विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्या सभेत झालेले भाषण. जागेच्या अडचणीमुळे थोडे आटोपते घेतले आहे.)



मला येथे बोलाविताना विषय दिला तो असा : वरच्या वर्गांतील मुलांनी आणि त्यांच्या घरच्या वडीलमाणसांनी शाळेच्या ग्रंथालयातून काय वाचावे? विषय सोपा दिसतो. दहापाच नावे वाचून दाखवावी, हार घालून घ्यावा आणि जाताना केळीचा एक घड मोटारीत टाकून घरी जावे, असे मीही मनात योजिले होते. पण नावे सांगण्याआधी एक गोष्ट बोलली नाही, तर ती नावे फुकट जातील. पुस्तक वाचावयाचे तर आधी ते हाती लागले पाहिजे.

माझ्या लहानपणची हकीकत सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही. तशा शाळा पुष्कळ होत्या आणि आजही आहेत. आमच्या शाळेत काचेच्या दारांची दोन कपाटे होती. कपाटांना कुलूप, आणि किल्ली एका गुरुजींच्या खिशात. आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षे मी त्या काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठीवरील नावे वाचली. मला ती क्रमाने पाठ झाली होती. आत काय आहे ते मात्र शाळा सुटेपर्यंत कळले नाही. मागितले की उत्तर ठरलेले : ‘फाडशील.’ वर्षातून एकदा तपासणी आली की कपाट उघडे, पुस्तकांवरची धूळ झटकली जाई आणि साहेब गेले की पुन्हा कुलूप!

त्या गुरुजींवर मी फार दिवस रागावलो होतो. पुढे कळले की, त्यांचाही एकट्याचा दोष नव्हता. पुस्तके ज्यांच्या नावावर मांडली जातात, ती हरवली तर भरून द्यावयाची वेळ त्यांच्यावर येते. टेबल, खुर्ची, घंटा यांच्याबरोबर पुस्तकही ‘डेडस्टॉक’मध्ये चढते. नावच पाहा! ज्या वहीत पुस्तक मेलेल्या मालात जमा होते, त्या वहीचा धनी त्याला जिवंत कसे होऊ देईल? खुर्ची वीस वर्षांनी जशीच्या तशी सापडली तर ती नीट राखली असे म्हणावे. पुस्तक वीस वर्षांनी कोरे करकरीत सापडले तर ते कोणी राखले नाही, कोंडले असे समजावे. तुम्ही शेतकरी आहात. बळदात घातलेले बियाणे पेरणीला बाहेर काढलेच नाही, तर त्याचे काय होते हे तुम्हांला मी काय सांगू?

कायदाही कुलपाच्या बाजूचा नाही. शिक्षणहक्काचा जो कायदा 2009 साली झाला, त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वर्तमानपत्र, मासिके व सर्व विषयांची पुस्तके, गोष्टींचीसुद्धा, मिळावी असे स्पष्ट लिहिले आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा. पण आठवीच्या मुलाला जे मिळावे ते नववीच्या मुलाला मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही. पंधरा ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करितो. अब्दुल कलामांच्या तसबिरीला हार घालतो, पुस्तके टेबलावर मांडून फोटो काढतो आणि सोळा तारखेला ती कपाटात जातात. ही प्रेरणा की प्रदर्शन?

आता मुलांच्या वयाचा प्रश्न घेतो, कारण खरी अडचण तेथे आहे. कपाट उघडले तरी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती काय पडते? ससा-कासवाची गोष्ट. मोठ्यांचे पुस्तक मागितले तर ‘हे तुझ्या वयाचे नाही.’ ठीक आहे. मग वयाचाच दाखला काढू. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मुलगी चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. बक्षीस म्हणून खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे तिने साहेबास म्हटल्याची आठवणही सांगतात. चौदाव्या वर्षी जे लिहिता येते ते चौदाव्या वर्षी वाचता येत नाही काय? तो निबंध लहान आहे. वर्गात एका तासात मोठ्याने वाचून होतो. माझ्या यादीत त्याचा नंबर पहिला.

दुसरे उदाहरण मुंबईचे. शाळकरी भीमराव आंबेडकर परीक्षा पास झाले म्हणून त्यांच्या लोकांनी सभा भरविली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. ते काही बालवाचनाचे पुस्तक नव्हते, मोठ्या माणसांसाठी लिहिलेला ग्रंथ होता. केळुसकरगुरुजींनी पोराचे वय पाहिले नाही, भूक पाहिली. त्या पुस्तकाने आपल्यावर केवढा परिणाम केला, हे बाबासाहेबांनी अखेरच्या काळात स्वतः लिहून ठेविले आहे. 1956 साली नागपुरास जे घडले ते सर्व जग जाणते. एका गुरुजीने एका मुलाला दिलेले एक पुस्तक कोठवर जाते ते पाहा.

आता नावे सांगतो. ही माझी निवड आहे. कोणाला पटणार नाही तर त्याने दुसरी करावी.

पहिल्याने शेतकऱ्याच्या पोराने वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ वाचावे. हे 1981 साली निघाले. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेला एक काळा मुलगा शिकून शेतीशास्त्रज्ञ होतो आणि टस्कीगी येथील शाळेत काळ्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवितो, त्याची ही हकीकत. दक्षिणेकडील जमीन कापसाने खाऊन टाकली होती. वर्षानुवर्षे कापसावर कापूस. कार्व्हरने सांगितले, भुईमूग लावा, चवळी लावा, जमिनीला दम घेऊ द्या. आपले आजे हेच ‘बेवड’ या एका शब्दात सांगत. पण आजा सांगे तेव्हा पोराला ते अडाणीपण वाटे. तेच शास्त्रज्ञ का सांगतो, शेंगवर्गाच्या मुळ्यांवरच्या गाठींत काय चालते, हे कळले म्हणजे आज्याच्या बोलण्याला अर्थ येतो. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही म्हणून 1906 साली टस्कीगीहून शाळाच गाडीत घालून शेतावर नेण्यात आली, त्या गाडीची आखणी कार्व्हरने केली. अर्धापुरात केळी आणि हळद पिकविणाऱ्या बापाने हे पुस्तक मुलाकडून वाचून घ्यावे. मुलाला दोन शब्द अडतील, बापाला चार गोष्टी आधीच ठाऊक निघतील, आणि त्या दिवशी बाप मुलाचा गुरू होईल.

दुसरे, आपल्या शेजारचे. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी 1971 ची. खेड्यातल्या एका शिंप्याचे घर, गावात नवा धंदा उभा राहिल्यावर ते कसे वाऱ्यावर जाते, हे घरची बाईच आपल्या बोलीत सांगते. पुस्तकातली भाषा म्हणजे आपली नव्हे, अशी ज्या पोरांची समजूत झाली आहे, त्यांनी हे पुस्तक उघडून पाहावे. आपली माय बोलते तसे छापतात, हे पाहूनच पुष्कळांना पहिल्यांदा वाचावेसे वाटते.

तिसरे नाव घेतले की काही मंडळी कपाळाला आठ्या घालतील. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. हेही लातूरकडचेच. 1987 ला निघाले आणि 1988 चा साहित्य अकादमीचा मान मिळाला. एका अख्ख्या जमातीला जन्मतःच चोर ठरविणारा कायदा इंग्रजांनी 1871 साली केला, तो 1952 साली रद्द झाला, पण पोलिसाच्या दंडुक्याला ती बातमी पुष्कळ वर्षे पोहोचली नाही. त्या जमातीतला मुलगा शाळेत कसा गेला, ते यात आहे. ‘भाषा घाण आहे, मुलांना देऊ नये’ असे मला एका सद्गृहस्थांनी सांगितले. मी विचारले, त्यात जी भूक आहे ती घाण, की ती वाचण्याची लाज? याच वयाच्या पोराच्या हातातील मोबाइलवर रात्री काय येते, ते या गृहस्थांनी कधी पाहिले नाही; कुलूप मात्र पुस्तकाला! मी असे म्हणत नाही की पाचवीच्या पोराला ते द्यावे. नववी-दहावीच्या मुलाला द्यावे, आधी गुरुजींनी वाचावे आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाला तोंड द्यावे.

मुलींसाठी निराळी यादी मी करीत नाही. एक मात्र सांगतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. ती मुलींनी वाचावीच, पण आधी त्यांच्या भावांनी व बापांनी वाचावी, म्हणजे पोरीचे शिक्षण दहावीला थांबविताना हात थोडा कापेल. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्याच्या शेजारी ठेवा. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ तर सांगावी लागत नाही, ती आपोआप हातोहात जाते.

मोठ्या माणसांनी जोतीरावांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्यावे. 1883 चे लिखाण. भाषा जुनी, वाक्ये लांब, एकदम घशाखाली उतरत नाही. एका बैठकीत चार पानांहून अधिक वाचू नये. सावकार, कागद, कचेरी हा भाग वाचताना आपल्याच गावचे चेहरे दिसू लागतात. पाणी अडविण्याविषयी त्यांनी लिहिलेला भाग दुष्काळी मुलखातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने वाचण्याजोगा आहे. सरकारने छापलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात हे सापडते. ज्यांना विचाराची मशागत करावयाची आहे त्यांनी नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील नरहर कुरुंदकर यांचा ‘जागर’ घ्यावा. लहान भावंडांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहेच. 1971 पासून निघते, आणि जुने अंक त्याच मोबाइलवर फुकट वाचता येतात.

आता पालकांचा आक्षेप. ‘आमच्या पोराला डॉक्टर व्हावयाचे आहे, लातूर पॅटर्नने अभ्यास चालला आहे, असली पुस्तके वाचायला वेळ कोठे?’ केळीचा सगळा हंगाम विकून ज्याने शिकवणीची फी भरली, त्या बापाला मी हसणार नाही. त्याच्या पोटात काय कालवते ते मी जाणतो. पण ज्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचे पान सलग वाचवत नाही, त्याला प्रश्नपत्रिकेतील लांब उताराही वाचवत नाही, हे शिकवणीवाल्यालाच विचारा. आणि सगळीच पोरे डॉक्टर होणार नाहीत. जी राहतील, त्यांच्या हाती काय राहील?

आणखी एक ऐका. या मुलखात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता. सरकारी उच्च शिक्षण उर्दूतून. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तेच. उर्दू सुंदर भाषा आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण खेड्यातल्या मराठी पोराला आपल्या भाषेतले पुस्तक मिळणे त्या काळी दुर्मीळ, आणि पोरीला तर त्याहून. म्हणून आज ज्या घरात आजी अंगठा उठविते, त्या घरात पुस्तक एकट्याने मनात वाचावयाची वस्तू नव्हे. पूर्वी खेडोपाडी वर्तमानपत्र चावडीवर एकाने वाचावयाचे व दहांनी ऐकावयाचे, अशी रीत होती. तीच घरात आणा. जेवणे झाल्यावर पोरीने अर्धा तास मोठ्याने वाचावे, माय भाजी निवडीत ऐकेल, आजी मध्येच म्हणेल, ‘हे खोटं आहे, असं होत नसतं.’ तो वाद होऊ द्या.

शाळेला माझी विनंती एवढीच. वर्गातील दोन मुले व दोन मुली यांच्या हाती किल्ली द्या. नोंदवही त्यांनीच ठेवावी. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास कपाट पालकांसाठीही उघडे राहावे. पुस्तक फाटले तर चिकटवू, हरवले तर वर्गणी काढून दुसरे आणू. पहिली वर्गणी माझी, ही अध्यक्षांच्या टेबलावर ठेवितो. आणि भुर्दंड गुरुजींवर पडणार नाही, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने आजच्या आज लिहून घ्यावा. समितीची मंडळी येथेच बसली आहेत, उठून जाण्यापूर्वी सह्या होऊन जाऊ द्या.

ग्रंथालयाच्या दारात मी उभा राहणार आहे. ज्याला ‘कार्व्हर’ पाहिजे त्याने आधी येऊन नाव लिहावे, प्रत एकच आहे.