हिशेब क्लाउडवर, पण ओटीपी कुणाकडे?

बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रकल्पात उसाच्या रानातल्या सेन्सरचा डेटा मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर क्लाउडवर जातो आणि सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर येतो. मग इंदापूरच्या खत दुकानाचा हिशेब अजून एकाच हार्ड डिस्कवर का?

क्लाउड म्हणजे भाड्यानं घेतलेला कॉम्प्युटर. अ‍ॅझ्युरचं एक डेटा सेंटर २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे. तरी मी म्हणेन, घाई नको. आधी फक्त बॅकअप वर टाका आणि तो परत उघडतोय का, ते बघा. मग महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालवा. स्टॉक, उधारी, जीएसटी सगळं जुळलं, की जुनं बंद. नेट गेलं तरी बिल निघेल, अशी ऑफलाइन सोय असलेलंच सॉफ्टवेअर घ्या.

आणि खातं मालकाच्याच नंबरवर काढा. ओटीपी कॉम्प्युटर बघणाऱ्या पोराच्या फोनवर जात असेल आणि उद्या तो पुण्याला नोकरीला गेला, तर दुकान तुमचं, किल्ली त्याच्याकडे! घरच्या दुकानाचं खातं कुणाच्या नंबरवर आहे, ते आजच विचारा. भेटू पुढच्या भागात!