गोचीड चिरडू नका



जनावरांपासून माणसांना होणारे विषाणूंचे आजार, असा आजचा विषय आहे. पिसाळलेल्या कुत्र्यापासून नवापूरच्या २००६ सालच्या बर्ड फ्लूपर्यंत सगळं त्यात येतं. ते तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. मला आज गोचिडीबद्दल बोलायचं आहे आणि मिळालेली बहुतेक मिनिटं मी तिलाच देणार आहे.

संध्याकाळी धारेच्या आधी आपण गाईच्या अंगावरून हात फिरवतो. कानात, गळ्याच्या पोळीखाली, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी. टपोरी गोचीड बोटाला लागली की उपटतो आणि अंगठ्याच्या नखाखाली नाहीतर गव्हाणीच्या दगडावर चिरडतो. हात पदराला किंवा धोतराला पुसतो आणि तसेच धार काढायला बसतो. काही घरांत तर हे काम पोराटोरांना देतात. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, की हे थांबवा. गोचीड काढा, जरूर काढा, पण उघड्या हाताने चिरडू नका.

का, ते सांगतो. घरातली कणगी डोळ्यांपुढे आणा. पुढच्या पेरणीचं बी आपण कणगीत राखून ठेवतो. शेत काही महिनेच हिरवं असतं, बी टिकतं ते कणगीत. काँगो ताप हा गोचिडीतून माणसाला होणारा विषाणूचा आजार; त्याच्या विषाणूचं तसंच आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे त्याचं शेत. जनावराच्या रक्तात तो साधारण आठवडाभर राहतो आणि निघून जातो. त्या आठवड्यात जनावर आजारी दिसत नाही. चारा खातं, रवंथ करतं, दूधही देतं. गोचीड ही मात्र कणगी. एकदा विषाणू तिच्यात शिरला की ती मरेपर्यंत तिच्यात राहतो, आणि तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही जाऊ शकतो. मादी हजारांनी अंडी घालते. म्हणजे एका कणगीतलं बी कितीतरी नव्या कणग्यांत जाऊन बसतं. आणि अशी भरलेली कणगी आपण नखाने फोडतो! आतलं सगळं आपल्या बोटांवर सांडतं. गवत कापताना विळ्याने गेलेली चीर, नखाजवळ निघालेली साल, थंडीत बोटाला पडलेली भेग, एवढी वाट त्या विषाणूला पुरते.

गोचीड चावल्याने रोग होतो हे लोकांना चटकन पटतं. चिरडल्याने होतो हे पटत नाही. म्हणून मी तेच तेच बोलतो आहे.

अहमदाबादजवळ साणंद तालुक्यात कोलाट नावाचं गाव आहे. २०११ च्या जानेवारीत तिथली एक बाई तापाने आणि रक्तस्रावाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नमुने तपासले आणि काँगो ताप भारतात आल्याचं पहिल्यांदा सिद्ध झालं. गावातली जनावरं तपासली, तर त्यांच्या रक्तात या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या, गोचिडींतही विषाणू मिळाला. त्यानंतर गुजरातेत आणि राजस्थानात हा ताप अनेकदा आला. २०२० साली आपल्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला होता. गुजरातची सीमा आपल्याला लागून आहे, बाजारातून जनावरं इकडची तिकडे जातात, आणि त्यांच्या अंगावरून कोण प्रवास करतं ते वेगळं सांगायला नको.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? २०२२ साली गुरांमध्ये लम्पी हा रोग आला तेव्हा लोक दूध प्यायला घाबरले. लम्पी माणसाला होत नाही, हे आम्ही पशुवैद्यक घसा कोरडा करून सांगत होतो. अंगावरच्या गाठी दिसत होत्या म्हणून भीती बसली. आणि ज्या तापात शंभरातले दहापासून चाळीसपर्यंत रुग्ण दगावतात, तो ताप ज्या किड्यातून येतो, त्याला आपण रोज निर्धास्तपणे नखाखाली दाबतो. जनावर धडधाकट दिसतं, एवढ्यावर विसंबून राहू नका.

आता काढायची कशी? हातात रबरी मोजे घाला. नसतील तर प्लास्टिकची जाड पिशवी हाताला गुंडाळा. चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ पकडा, पोटावर दाब देऊ नका आणि सरळ वर ओढा. झाकणाच्या डबीत थोडं डिझेल घेऊन त्यात टाका. ट्रॅक्टरसाठी ते घरात असतंच. जमिनीवर टाकू नका, कारण रक्त पिऊन फुगलेल्या मादीला अंडी घालायला जमिनीवरच उतरायचं असतं. मग साबणाने हात स्वच्छ धुवा, आणि धार त्यानंतर. मुलांना या कामाला लावू नका, माझ्या मावश्यांनो, एवढं माझं ऐका.

अंगावर दिसतात त्या गोचिडी थोड्या. बाकीच्या भिंतीच्या फटींत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांध्यांत दडलेल्या असतात. त्या फटी बुजवा, चुना मारा. औषध लावायचं तर गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी, शेळ्या आणि कुत्रासुद्धा धरून. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात म्हणून पुन्हा कधी लावायचं ते पशुवैद्यकालाच विचारा. पिकावर मारायचं कीटकनाशक जनावराच्या अंगाला चोळणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. जनावर विषबाधेने जातं, आणि औषध दुधात उतरतं ते आपल्याच लेकरांच्या पोटात जातं. जनावरांचं औषध लावल्यावरही दूध किती दिवस वापरायचं नाही, ते विचारून घ्या.

आणि ताप आलाच तर? डोकं, पाठ, मान दुखते, डोळे लाल होतात, ओकाऱ्या होतात. पुढे कातडीखाली लाल-काळे डाग उठतात, हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. गोचीड चावली असेल तर ताप बहुधा एक ते तीन दिवसांत, उशिरात उशिरा नवव्या दिवसापर्यंत दिसतो. रक्तामांसाच्या संपर्कातून झाला असेल तर पाच-सहा दिवसांत, कधी तेराव्या दिवसापर्यंत. प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे पहिला संशय डेंग्यूचा येतो. डॉक्टरांना तुमच्या गोठ्यातलं काय माहीत? तेव्हा तुम्ही होऊन सांगा, माझ्या घरी जनावरं आहेत, मी गोचिडी काढल्या होत्या. या एका वाक्याने तुमचा जीव वाचू शकतो आणि त्या डॉक्टर-परिचारिकेसारखी वेळ तुमच्या गावातल्या कुणावर येणार नाही. सर्रास टोचता येईल अशी लस या तापावर अजून नाही.

उकळलेलं दूध, नीट शिजवलेलं मटण यांची भीती नाही. धोका असतो तो ताज्या रक्ताचा, म्हणजे जनावर कापणाऱ्या खाटीक बंधूंना. जनावर कापायला नेण्याआधी वेगळं ठेवावं, किंवा चौदा दिवस आधी त्याला गोचिडीचं औषध लावावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्या बाजारांत ते कसं जमवायचं, यावर कधीतरी सविस्तर बोललं पाहिजे.

सिंधुदुर्गातल्या आणि गोव्याच्या सत्तरीतल्या श्रोत्यांना वाटेल, आमच्या माकडतापाचं काय? तोही गोचिडीचाच ताप, पण जंगलातल्या वेगळ्या गोचिडीचा. काजूच्या बागेतून, रानातून परतलात की अंगभर गोचीड शोधा, कपडे गरम पाण्यात टाका. रानात चरून आलेली गुरं ती गोचीड दारापर्यंत आणतात, तेव्हा त्यांच्या अंगावरूनही नजर फिरवा. आणि सापडली की इथेही तेच, बोटांत धरून चिरडू नका.

मेंढपाळांचं राहिलं. त्यांना गोठाच नाही, तर फटी बुजवा हा सल्ला त्यांच्या काय कामाचा? कळप चालता, मुक्काम रोज नवा. लोकर कातरताना कातरीत गोचिडी सापडतात आणि हात त्यातच असतात, यावर मला बरंच... समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. मेंढपाळ बंधूंनो, कातरणीच्या आधी कळपाला गोचिडीचं औषध करून घ्या, आणि कातरताना हातात मोजे घाला. बाकीचं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.