मुलांचे दात आणि घरातले वळण



मजुरी, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणाऱ्या आमच्यासारख्या माणसाने मुलांच्या दातांवर व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही वैद्य नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण पुस्तकांनी आणि कामगारवस्त्यांनी दिले. पण हा विषय त्या वस्त्यांतूनच आमच्यापुढे आला. सोलापूरकडच्या विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. दाढेने कळवळणारे मूल मांडीवर घेऊन जी रात्रभर जागली, तिची दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडालीच. तेव्हा मुलाची किडकी दाढ हा पोटाचाही प्रश्न आहे.

पुष्कळ जण म्हणतात, दुधाचे दात पडणारच, त्यांची काळजी कशाला? पण हे वीस दात पुढच्या दातांची जागा राखतात. ते किडून अवेळी गेले, की पक्के दात वाकडेतिकडे येतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास या दातांच्या मागे पहिली पक्की दाढ निघते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरातल्यांना तीही दुधाचीच वाटते. ती गेली, की पुन्हा येत नाही. वाडीचा आणि विजापूरचा रूळ जेथे फुटतो, त्या होटगीच्या मंडळींना सांध्याचे महत्त्व आम्ही काय सांगावे? सहावे वर्ष हा मुलाच्या तोंडातला सांधा आहे.

कीड म्हणजे दातात शिरलेला किडा नव्हे. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात झिजवते. ही झीज लाळ हळूहळू भरून काढते. पण तिला सवड हवी. म्हणून जेवणाबरोबर एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर चघळलेली गोळी अधिक घातक. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचे दात घासणे सर्वांत मोलाचे. आणि आपल्याकडे तेच राहून जाते.

पहिला दात दिसताच मऊ ब्रशने सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते. राखुंडी आणि कोळसा यांनी दात उजळल्यासारखे वाटतात, पण घासून त्यांचे कवच झिजते. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचा हात नीट फिरत नाही. तोवर मोठ्या माणसाने घासून द्यावे.

आता अवघड गोष्ट सांगतो. मूल सांगितलेले करीत नाही, पाहिलेले करते. आणि पुष्कळ घरांत सकाळी ते पाहते ती मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. हे दात घासणे नव्हे, हे तंबाखूचे व्यसन आहे. त्याने तोंडाचा कर्करोग होतो, आणि गरोदर बाईच्या पोटातले मूलही वजनाने कमी भरते. दंतमंजनात व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर सरकारने 1992 साली बंदी घातली. पण घरच्या तव्यावर कोणता निरीक्षक येणार? विडी वळणाऱ्या घरात तर तंबाखू सुपातच असते आणि मूल त्या सुपाशेजारीच वाढते. 1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. ज्या बाईचे घर हाच कारखाना, तिला तिचा काय उपयोग?

म्हणून तिला दोष देऊन भागणार नाही. मिश्री तिला आईकडून, सासूकडून मिळाली. भूक आणि शीण मारायला ती उपयोगी पडली आणि अंगात भिनली. सोडायची तर तिला घराची आणि दवाखान्याची साथ लागेल. तोवर मुलासमोर मिश्री लावायची नाही आणि त्याला आणायला पाठवायचे नाही, एवढे तरी आजपासून करता येईल.

अंगणवाडीत खाऊनंतर मुलांकडून रोज चुळा भरवाव्यात, दात घासून घ्यावेत, ही मागणी आपण ग्रामपंचायतीपुढे मांडू. मात्र रात्रीचे काम घराचेच. निजण्यापूर्वी बापाने, आईने, आजीने मुलाबरोबर उभे राहून दोन मिनिटे दात घासावेत. आठ तासांचा दिवस मिळवायला कामगारांना पिढ्या लागल्या. ही दोन मिनिटे कोणा मालकाकडे मागावी लागत नाहीत.