भिंतीवरचे शब्द

प्राथमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात गेलात, तर भिंतीवर काही ना काही लिहिलेले दिसते. सुविचार, पाढे, फळांची नि प्राण्यांची चित्रे, खाली त्यांची नावे. रंग सुरेख असतात. पण त्यातला एखादा शब्द मूल दिवसभरात किती वेळा वाचते? बहुतेक तक्ते मुलांच्या डोक्यावरून जातात, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. ते मोठ्या माणसांच्या उंचीवर टांगलेले असतात.

मी खानदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आमच्याकडे घरोघरी अहिराणी. मूल घरी ‘डोया’ म्हणते, पुस्तकात ‘डोळा’ असतो. घरी ‘आंडेर’, पुस्तकात ‘मुलगी’. सहा वर्षांच्या मुलाला वाटते, आपल्याला बोलताच येत नाही. मग ते गप्प बसते, आणि गप्प बसणारे मूल वाचनातही मागे राहते. म्हणून आमच्या भिंतीवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लावलेले आहेत. चूक-बरोबर अशी खूण नाही. एक घरचा, एक पुस्तकातला, एवढेच.

शब्द निवडायचे कोणी? न्यूझीलंडमधल्या शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना शिकवताना हे काम मुलांवरच सोपवले होते. मुलाला विचारायचे, तुला कोणता शब्द हवा? तो कार्डावर लिहून द्यायचा. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही, तर कार्ड बाद. तो शब्द त्याच्या मनातला नव्हताच. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी हे अनुभव लिहिले आहेत.

आमची काही मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. अशा एका मुलाकडे मी शब्द मागितला. तो म्हणाला, ‘कोयता’. मग मोळी, वाढे, कोपी, मुकादम, उचल. ‘उचल’ म्हणजे काय, हे त्यानेच वर्गाला समजावले : पैसे आधी घ्यायचे, आणि फिटेपर्यंत ऊस तोडायचा. त्याला मुळाक्षरे धड येत नव्हती, पण हे सहा शब्द तो चार दिवसांत वाचू लागला. ‘कोयता’तला ‘को’ त्याला ‘कोपी’त सापडला, पुढे ‘कोल्ह्या’तही.

इंग्रजीत उच्चार आणि स्पेलिंग न जुळणारे शब्द डोळ्यांत ठसावेत म्हणून अशी भिंत उपयोगी पडते. मराठीत अडचण वेगळी आहे. मुलाला ‘पाऊस’ वाचता येतो, पण ‘पावसात’ आले की ते अडखळते. ‘देऊळ’ येते, ‘देवळात’ येत नाही. ‘विहीर’मधल्या ‘ही’ची दुसरी वेलांटी ‘विहिरीत’ म्हणताना पहिली होते. म्हणून मूळ शब्दाखाली आम्ही त्याची रूपे लावतो : पाऊस, पावसात, पावसाने, पावसाळी.

यासाठी खर्च काही नाही. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू पुरते. रोज दहा मिनिटे खेळ होतो. मी अर्थ सांगायचा, मुलांनी शब्दाला जाऊन हात लावायचा. किंवा दोन शब्द घेऊन वाक्य करायचे. आठवड्याला पाच-सहाच नवे शब्द येतात. पक्के झालेले उतरवून, अक्षरांच्या क्रमाने लावून दोऱ्यात ओवतो. तो आमचा शब्दकोश.

२०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठरवले. त्यासाठी भिंती रंगवल्या तर चांगलेच. पण रंगवलेला शब्द वर्षभर जागचा हलत नाही, आणि मुलाची गरज दर आठवड्याला बदलते.

पालकांना एक विनंती. शाळेत गेलात की मुलाला विचारा, ‘यातला तुझा शब्द कोणता?’ ते धावत जाऊन एखाद्या शब्दावर बोट ठेवेल, तर ती भिंत कामाची आहे असे खुशाल समजा.