सोन्याची खाण आणि हिवताप : पत्ता नसलेल्या रुग्णाचा उपचार



सोन्याचा भाव चढला म्हणजे त्याची वार्ता प्रथम सराफकट्ट्यावर येते, असा आपला समज असतो. तीच वार्ता तितक्याच वेगाने दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यातही पोहोचते. भाव चढला की तेथे नव्या छावण्या उठतात, आणि जेथे छावणी तेथे बहुधा हिवताप.

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेंच गयाना हा फ्रान्सच्या अधिपत्याखालील प्रदेश आहे. पश्चिमेस मारोनी नदी व तिच्या पलीकडे सुरिनाम, पूर्वेस ओयापोक नदी व तिच्या पलीकडे ब्राझील. क्षेत्रफळ सुमारे ८४,००० चौरस किलोमीटर; त्यातील नऊ-दशांशाहून अधिक भाग घनदाट अरण्याचा. या अरण्यात परवान्याशिवाय सोने काढणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास मानली जाते. त्यातील बहुतेक ब्राझीलचे, आणि त्यातही मारान्याओ या दरिद्री राज्यातून आलेले. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘गरिम्पेइरो’ म्हणतात.

त्यांच्या कामाची रीतच डासांना अनुकूल आहे. झाडे तोडून जमीन उघडी करावयाची, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माती खणावयाची, तो चिखल उतरत्या पन्हळीवरून सोडावयाचा आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण पाऱ्याने बांधून घ्यावयाचे. मागे उरतात ते पाण्याने भरलेले उघडे खड्डे. ॲनॉफेलिस डार्लिंगी हा त्या भागातील हिवतापाचा प्रमुख वाहक डास रात्री चावतो. आणि मजूर झोपतात ते ताडपत्रीखाली टांगलेल्या झोळीत, भिंतींशिवाय.

येथे ताप आलेल्या माणसाने करावे काय? सरकारी आरोग्यकेंद्रे आहेत, परंतु ती काही ठिकाणांहून पायी व होडीने कित्येक दिवसांच्या अंतरावर. शिवाय वाटेत पकडले जाण्याची धास्ती. २००८ पासून फ्रेंच पोलीस व लष्कर ‘हार्पी’ नावाची मोहीम राबवीत आहेत. छावणी मोडली की माणसे अरण्यात आणखी आत सरकतात, आणि त्यांच्या रक्तातील परजीवीही त्यांच्याबरोबर सरकतो. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांना यात दोष देण्याचे कारण नाही. मात्र रोगाचा माग काढणाऱ्याचे काम त्यामुळे दुप्पट अवघड होते, हेही तितकेच खरे.

मग रुग्ण छावणीतील दुकानाकडे वळतो. तेथे मिळणाऱ्या गोळ्यांची किंमत बहुधा सोन्यातच मोजली जाते. महाग पडतात म्हणून, आणि एक-दोन दिवसांत ताप उतरला म्हणून, अनेकजण औषध अर्ध्यावर सोडतात. खरा धोका येथे आहे. आर्टेमिसिनिन वर्गातील औषधे ही हिवतापाविरुद्ध आज जगाच्या हाती असलेली प्रमुख औषधे होत. अर्धवट मात्रेतून वाचलेला परजीवी त्या औषधाला निबर होत जाऊ शकतो. आग्नेय आशियात हे घडले आहे. शेजारच्या गयाना देशात २०१० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत या प्रतिकाराशी निगडित असलेला जनुकीय बदल आढळला, तेव्हा या संपूर्ण भूभागातील वैद्यकांची चिंता वाढली. अरण्यातील एका मजुराने उरवून ठेवलेल्या गोळ्यांचा प्रश्न हा केवळ त्या मजुराचा राहत नाही, तो असा.

२०१५ मध्ये सीमेवरील विश्रांतिस्थळी या मजुरांची तपासणी करण्यात आली. सुमारे २२ टक्क्यांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी सापडले, आणि त्यातील बहुसंख्यांना त्या वेळी कोणतेच लक्षण नव्हते. म्हणजे चालतीबोलती, कष्टाची कामे करणारी माणसे एका खाणीतून दुसरीकडे रोग नेत होती.

यातून ‘मालाकिट’ हा प्रयोग जन्मास आला. फ्रेंच गयानात वैद्यकीय अधिकार नसलेल्या व्यक्तीने तपासणी करून औषध देण्याला कायद्याची आडकाठी होती. तेव्हा खाणीत जाण्याऐवजी, मजूर सामान भरण्यास व विसाव्यास ज्या ठिकाणी येतात त्या सुरिनाम व ब्राझीलकडील नदीकाठच्या वस्त्यांत त्यांना गाठावयाचे ठरले. पाण्यापासून सुरक्षित अशा एका पिशवीत तीन जलद तपासणी पट्ट्या, आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचा तीन दिवसांचा पूर्ण उपचार, प्रायमाक्विनची एक मात्रा आणि पॅरासिटामॉल, असा हा संच. पोर्तुगीज बोलणारे कार्यकर्ते चित्रांच्या साहाय्याने बोट कसे टोचावे, पट्टी कशी वाचावी आणि ताप उतरला तरी गोळ्या का संपवाव्यात, हे समजावून देत. मोठ्या माणसाला तीन दिवसांत एकूण २४ गोळ्या, सहा वेळा चार-चार. शिकवणुकीचे सारे मर्म या शेवटच्या चार गोळ्यांत होते म्हटले तरी चालेल!

अशिक्षित, कायद्याला चुकवून राहणाऱ्या मजुराच्या हाती निदान व औषध दोन्ही द्यावे काय, अशी शंका घेणे स्वाभाविक होते. एप्रिल २०१८ ते मार्च २०२० या काळात ३,७३३ जणांना ४,७६६ संच देण्यात आले. पुन्हा भेटलेल्यांपैकी ज्यांनी संच वापरला होता, त्यातील सुमारे ७२ टक्क्यांनी तो योग्य रीतीने वापरला होता. परत न आलेल्यांचे काय, हे अर्थात या आकड्यातून कळत नाही. तथापि २०१९ च्या तपासणीत परजीवी आढळणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उतरलेले होते. हे सर्व श्रेय एका पिशवीचे नव्हे. शेजारी देशांचे प्रयत्नही त्यात आहेत.

आपल्याकडे गावातील आशा कार्यकर्ती अशीच पट्टी वापरून तपासणी करते आणि औषध देते. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षे वाहणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यात ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु ती गावावर आणि घरावर आधारलेली आहे. सुरजागडसारख्या लोहखनिजाच्या भागात बाहेरून कामासाठी येणारा आणि काम संपताच निघून जाणारा मजूर गावच्या यादीत कोठे बसवावयाचा, हा प्रश्न तेथेही उरतोच.

पिशवीने सर्व काही साधले असेही नाही. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याला तेथून काढणारी औषधे ‘जी-सिक्स-पीडी’ या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी नष्ट करू शकतात; म्हणून आधी रक्ताची चाचणी अटळ ठरते. ही औषधे चाचणीविना पिशवीत घालून देता येत नाहीत. पुढे हाती घेतलेल्या ‘क्युरेमा’ प्रकल्पात त्यामुळे विसाव्याच्या ठिकाणीच चाचणी करून उपचार देण्याची पद्धत ठेवली गेली.

सुरिनामने मात्र निराळी वाट आधीच धरली होती. खाणवस्त्यांत राहणाऱ्यांतूनच माणसे निवडून त्यांना तपासणी व उपचाराचे शिक्षण दिले गेले, आणि रुग्णाला त्याची कागदपत्रे विचारली गेली नाहीत. २००१ मध्ये त्या देशात १५,००० हून अधिक रुग्ण होते. फॅल्सिपेरमचा शेवटचा स्थानिक रुग्ण २०१८ मध्ये, तर व्हायव्हॅक्सचा २०२१ मध्ये नोंदला गेला. ३० जून २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सुरिनामला हिवतापमुक्त घोषित केले; ॲमेझॉन प्रदेशातील हा पहिलाच देश. मारोनी नदी ओलांडणाऱ्या होड्यांची ये-जा मात्र पूर्वीसारखीच चालू आहे.